नावापुढे अर्थ छापता, तसे पुस्तकही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत बाळांच्या नावांच्या याद्या अधूनमधून छापून येतात. डावीकडे नाव आणि उजवीकडे दोन-तीन शब्दांत त्याचा अर्थ, ही त्यांची ठरलेली मांडणी. त्यांपैकी काही याद्यांवर ‘साहित्यातील नावे’ असा मथळा असतो आणि मला जे म्हणायचे आहे ते अशा याद्यांपुरतेच आहे. मथळ्यात साहित्य असते, यादीत मात्र ते कुठेच सापडत नाही. नाव कोणत्या नाटकातले, कोणत्या काव्यातले किंवा कोणत्या कादंबरीतले आहे आणि तिथे ते कोणाचे आहे, याचा एका शब्दानेही उल्लेख नसतो. पुस्तकातून नाव घ्यायचे, तर त्या नावाबरोबर येणारे माणूस ही त्यातली खरी मिळकत. नेमकी तीच गाळून उरलेले शब्द पालकांच्या हाती ठेवले जातात.

मी ग्रंथालयात नोकरी करते. बाळासाठी नाव शोधायला येणारी जोडपी हा आमच्या कामातला एक सुखद भाग आहे. ती बहुधा ‘नावांचे पुस्तक आहे का?’ असे विचारतात, काउंटरपाशी उभ्याउभ्याच ते चाळतात, चार पानांचे मोबाइलवर फोटो काढतात आणि निघून जातात. अशाच एका जोडप्याने मुलासाठी ‘चारुदत्त’ हे नाव जवळजवळ पक्के केले होते, कारण यादीत त्यापुढे ‘देखणा’ असे लिहिलेले होते. मी त्यांच्या हातात शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ ठेवले. त्यातला चारुदत्त देता देता निर्धन झालेला माणूस आहे. पैसा गेल्याची मला चिंता नाही, तो दैवाने येतो आणि जातो, पण पैसा गेल्यावर माणसांचा स्नेहही सैल पडतो याने जीव जळतो, असे तो पहिल्याच अंकात बोलून दाखवतो. त्याचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरतो. दासी त्याला मातीची गाडी करून देते, ती त्याला नको असते, आणि त्याचे रडणे पाहून चारुदत्तावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. नाटकाला नाव मिळाले ते या गाडीवरून. पुढे तेच दागिने न्यायालयात चारुदत्तावरील खुनाच्या आरोपाला बळकटी देतात. एवढे सगळे ज्या नावामागे उभे आहे, त्याची बोळवण ‘देखणा’ या एका शब्दावर करणे हा कंजूषपणा झाला. त्या दोघांनी नाव बदलले नाही, पण पुस्तक घरी नेले, आणि माझ्या मते तेवढे पुरेसे होते.

अर्थाच्या रकान्याबद्दलही एक शंका नोंदवून ठेवते. हल्ली ‘रियांश’ या नावापुढे ‘विष्णूचा अंश’ असे सर्रास छापलेले दिसते. त्यातला ‘अंश’ समजतो. विष्णू कुठून आला, ते कोणी सांगत नाही. कानाला गोड लागते म्हणून नाव ठेवण्याला माझा विरोध नाही, पण मग ते गोड आहे म्हणून ठेवले असे म्हणावे. त्याला साहित्याचे किंवा शास्त्राचे प्रमाणपत्र चिकटवू नये.

साहित्यातले नाव सुचवले की घरातून बहुधा एकच हरकत येते. शकुंतला नको, तिला नवऱ्याने ओळखले नाही. द्रौपदी नको, तिची भरसभेत विटंबना झाली. ऊर्मिला नको, तिची चौदा वर्षे वाट पाहण्यात गेली. ही हरकत मला मुळीच पटत नाही. ज्याचे आयुष्य जन्मापासून शेवटपर्यंत सुखासमाधानात गेले, त्याच्यावर कोणी नाटक लिहीत नाही. तेव्हा हा नियम काटेकोरपणे लावायचा म्हटले, तर उभ्या साहित्यातून एकही नाव हाती लागणार नाही. शिवाय हरकत घेणाऱ्यांच्या मनातली शकुंतला बहुधा कॅलेंडरवरची असते. महाभारताच्या आदिपर्वात जन्मताच रानात टाकून दिलेल्या या मुलीचे शकुंत पक्ष्यांनी रक्षण केले, म्हणून कण्वांनी तिला हे नाव दिले. कालिदासाच्या नाटकातल्या पाचव्या अंकात राजा तिला ओळख देत नाही, तेव्हा ती मान खाली घालून निघून जात नाही; भर दरबारात ती त्याला ‘अनार्य’ म्हणते आणि तू सगळ्यांना स्वतःच्याच मनाच्या मापाने मोजतोस, असे सुनावते. महाभारतातली शकुंतला तर याहूनही कडक आहे. सत्याची थोरवी ती राजाला त्याच्याच सभेत ऐकवते. अशा बाईचे नाव मुलीला दिल्याने मुलगी दुर्दैवी होईल, हे भय नाटक न वाचताच वाटू शकते.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’चे (1959) उदाहरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या निवेदनांतून उलगडते आणि वाचकाचे मन बहुधा शर्मिष्ठेकडे झुकते. देवयानी मानी आहे, हट्टी आहे, पुष्कळदा निष्ठुरही आहे. तरीही दोन्ही नावे मराठी घरांत आपुलकीने ठेवली गेली आहेत, आणि देवयानी हे नाव निवडणाऱ्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. अपमान गिळून गप्प न बसणारी स्त्री कोणाला आपल्या मुलीसाठी आदर्श वाटली, तर तोही त्या कथेचा एक रास्त अर्थ आहे; मात्र तो कथा वाचून काढलेला असावा. ज्याच्या नावाने कादंबरी आहे, तो ययाती मुलांच्या नावांत क्वचितच भेटतो. मूळ कथेत बापाला आपले तारुण्य देऊन टाकणारा पुरू मात्र भेटतो. लोकांची निवड इतकी काही आंधळी नसते.

याच ओघात एका निबंधाची आठवण करून द्यायला हवी. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात महाकवींनी ज्यांच्याकडे पुरेसे पाहिले नाही अशा स्त्रियांची कैफियत आहे: रामायणातली ऊर्मिला, शकुंतलेच्या सख्या अनसूया आणि प्रियंवदा, आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तली पत्रलेखा. नाव म्हणजे केवळ नाव असे मानणाऱ्यांच्या पंथातले आपण नाही, असे रवींद्रनाथ तिथे स्पष्ट म्हणतात, आणि द्रौपदीचे नाव ऊर्मिला असते तर त्या तेजस्वी क्षत्रिय स्त्रीचे तेज या कोवळ्या नावामुळे पावलोपावली उणावले असते, असेही निरीक्षण नोंदवतात. नावाचा नाद आणि माणसाचा स्वभाव यांच्या नात्याबद्दल यापेक्षा नेमके काही मी वाचलेले नाही.

हा निबंध वाचल्यापासून माझे असे मत झाले आहे की, पुस्तकातून नाव घ्यायचे तर नायक-नायिकांपेक्षा दुय्यम पात्रांकडे आधी पाहावे. प्रियंवदेचेच पाहा. दुर्वास शाप देऊन तरातरा निघून जातात, विचारात हरवलेल्या शकुंतलेला त्याचा पत्ताही नसतो, आणि त्या कोपिष्ट ऋषीच्या मागे धावत जाऊन, त्याची मनधरणी करून शापाला उतारा मिळवून आणते ती प्रियंवदा. तिने हे केले नसते, तर अंगठीने स्मरण जागे होण्याची सोयच उरली नसती आणि पुढचे नाटक घडले नसते. अनसूया तिच्याहून विचारी, पुढचे पाहणारी. कुलूत देशाच्या राजाची मुलगी असूनही दासी म्हणून आलेली पत्रलेखा राजपुत्र चंद्रापीडाची विश्वासू सोबतीण होते आणि कथेत अखेरपर्यंत आपले स्थान राखते. ही नावे कानाला गोड आहेत, उच्चारायला सोपी आहेत आणि त्यांच्यामागे माणसे आहेत. आणखी एक फायदा असा की, ती धारण करणाऱ्या मुलीला एखादी फार प्रसिद्ध कथा आयुष्यभर खांद्यावर वाहावी लागत नाही. शकुंतला नावाच्या मुलीला ‘दुष्यंत कुठे आहे?’ हा विनोद किती वेळा ऐकावा लागत असेल, याची कल्पना केलेली बरी. पत्रलेखेच्या वाट्याला तो येत नाही.

पात्राचे ओझेच नको, पण वाङ्मयाशी नाते हवे, असे म्हणणाऱ्या पालकांसाठी दुसरी वाट आहे आणि ती आपल्या भाषेत चांगली रुळलेली आहे. ऋचा, ओवी, आर्या ही नावे कोणा व्यक्तीची नसून रचनेची आहेत. ओवी म्हटले की ज्ञानेश्वर आठवतात आणि आर्या म्हटले की मोरोपंत. मालिनी आणि शालिनी ही तर अक्षरगणवृत्ते, एक पंधरा अक्षरांचे आणि दुसरे अकरा अक्षरांचे. शिवाय कण्वाच्या आश्रमाजवळून वाहणाऱ्या नदीचे नावही मालिनीच. जुन्या वळणाची म्हणून मागे पडलेली ही नावे पुन्हा वापरात यायला हरकत नाही.

मुलांच्या नावांत मात्र एक गमतीदार अडचण आहे. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ या कर्णावरच्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकांच्या पिढ्या भारावून टाकल्या, आणि कर्णाविषयीच्या ममत्वातून राधेय हे नाव कोणी घेतले तर त्यामागची भावना समजते. पण राधेय म्हणजे राधेचा मुलगा. पार्थ म्हणजे पृथेचा, सौमित्र म्हणजे सुमित्रेचा. आईचे नाव वेगळे असले म्हणून काही बिघडत नाही, पार्थ तर आता इतका रूढ आहे की पृथेची कोणाला आठवणही होत नाही. तरी कर्णाच्या बाबतीत हे नाव पोटच्या आईचे न सांगता सांभाळणाऱ्या आईचे सांगते आणि कथेचा सगळा पीळ त्यातच आहे, एवढे तरी ते ठेवणाऱ्याला ठाऊक असावे. दत्तक घेतलेल्या मुलासाठी याहून अर्थपूर्ण नाव मला सुचत नाही.

पुस्तकातून नाव घेणे ही आजची टूम आहे असे समजणाऱ्यांनी रशियाकडे पाहावे. ‘स्वेतलाना’ हे नाव आज आपल्याला अस्सल आणि पुरातन रशियन वाटते. प्रत्यक्षात ते 1802 मध्ये वोस्तोकोव या कवीच्या रचनेत अवतरले आणि झुकोव्स्कीच्या 1813 मधील कथाकाव्याने घरोघर पोचले. या नावाची संत नसल्यामुळे चर्चमध्ये ते बाप्तिस्म्याला चालत नसे. म्हणजे सुमारे शंभर वर्षे लोकांना ते आवडत होते, पण मुलीला अधिकृतपणे देता येत नव्हते. क्रांतीनंतर चर्चचा अडसर दूर झाला आणि विसाव्या शतकात ते भरभरून ठेवले गेले; 1926 मध्ये जन्मलेल्या स्टालिनच्या मुलीचे नावही स्वेतलानाच. इंग्रजीतली ‘शर्ली’ याहून मौजेची आहे. हे पूर्वी पुरुषांचे नाव होते. शार्लट ब्राँटीच्या 1849 मधील कादंबरीत मुलाची वाट पाहणाऱ्या आईबापांना मुलगी होते आणि मुलासाठी राखून ठेवलेले नाव ते तिलाच देतात. त्या एका नायिकेपासून नाव स्त्रियांकडे वळले ते वळलेच. ‘सेड्रिक’ हे नाव तर वॉल्टर स्कॉटने ‘सर्डिक’ या जुन्या नावातली अक्षरे उलटसुलट केल्यामुळे जन्माला आले, असे मानले जाते. इतक्या कच्च्या पायावरही नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे पाहिल्यावर फार सोवळेपणा करण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे.

जुन्या कथांच्या बाबतीत एक निश्चिंतता असते. त्या संपलेल्या असतात. नव्या किंवा अजून लिहून व्हायच्या कथेतून नाव उचलणाऱ्याने जरा थांबावे. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960) मधला वकील ॲटिकस फिंच हा न्यायबुद्धीचा मानदंड ठरला आणि अनेक अमेरिकन मुलांना त्याचे नाव मिळाले. पन्नासहून अधिक वर्षांनी, 2015 मध्ये, त्याच लेखिकेचे आधी लिहिलेले पण अप्रकाशित राहिलेले पुस्तक बाहेर आले, आणि त्यातला म्हातारा ॲटिकस वर्णभेदाची बाजू घेताना दिसला. मुलाला ते नाव दिलेल्या काही पालकांनी आपली अस्वस्थता उघडपणे बोलून दाखवली. ‘खलीसी’चे प्रकरण त्याहून ताजे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 1996 पासून सुरू झालेल्या कादंबरीमालेवर 2011 ते 2019 या काळात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका झाली, त्यातल्या राणीवर लुब्ध होऊन अमेरिकेत शेकडो मुलींची नावे खलीसी ठेवली गेली, आणि मालिका संपता संपता त्याच राणीने शरण आलेले शहर जाळून टाकले. मुळात खलीसी हे त्या पात्राचे नावही नव्हे. त्या काल्पनिक भाषेत ती राणीची पदवी आहे. अर्थात आपल्याकडेही राणी नावाच्या मुली पुष्कळ असल्यामुळे या बाबतीत फार हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या सगळ्यात ज्याचे नाव ठेवले जाते, त्याचे काय, हा प्रश्न उरतो. झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ (2003) ही कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे. रेल्वे अपघातात सापडलेला तरुण हातातल्या, गोगोल या रशियन लेखकाच्या पुस्तकाच्या पानामुळे शोधपथकाच्या नजरेस पडतो आणि त्याचा जीव वाचतो. पुढे मुलगा झाल्यावर तो त्याला गोगोल हे नाव देतो. मुलाला मात्र या नावाची लाज वाटते. वडील वाढदिवसाला गोगोलच्या कथांचे पुस्तक देतात, ते तो उघडूनही पाहत नाही, आणि मोठा झाल्यावर रीतसर अर्ज करून नाव बदलून घेतो. नावामागचे कारण त्याला समजते ते त्यानंतर. मला यात दोष दिसतो तो वडिलांच्या मौनाचा. नावाने त्यांचे जगणे आणि एक पुस्तक जोडले होते, पण ते मुलाला सांगायला त्यांनी फार उशीर केला.

वडिलांच्या हातात त्या वेळी जी कथा होती, त्या ‘ओव्हरकोट’मध्येही (1842) बाळाच्या नावाचाच प्रसंग आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बाळंतिणीपुढे पंचांगातली नावे ठेवली जातात: मोकी, सोसी, खोझ्दाझात. ती म्हणते, ही कसली नावे! पान उलटले जाते तर त्रिफिली, दुला, वाराखासी. आणखी एक पान उलटल्यावर ती हात टेकते आणि बापाचे अकाकी हेच नाव पोराला देऊन मोकळी होते. मागचापुढचा संदर्भ नसलेल्या यादीतून नाव निवडायला बसलेल्या माणसाची त्रेधा गोगोलने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच अशी लिहून ठेवली आहे. मी काउंटरपलीकडून तीच पाहते.

म्हणून आपणास विनंती आहे की, यापुढे ‘साहित्यातील नावे’ या मथळ्याखाली यादी छापताना तिला तिसरा रकाना जोडावा. त्यात कृती, कर्ता आणि ते पात्र कोण, एवढेच एका ओळीत यावे. ‘चारुदत्त – शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा नायक, औदार्यामुळे निर्धन झालेला’, इतके पुरे. ज्या नावाचा असा उगम देता येत नाही, ते खुशाल वेगळ्या मथळ्याखाली छापावे. जागेची अडचण असल्यास नावे निम्मी करावीत. पालकांना शंभरांतून शेवटी एकच घ्यायचे असते. यादी आधी पाठवल्यास उगम तपासून देण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक ग्रंथपाल